बाबारावांचा ट्रंककॉल

बाबाराव गावंडे फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. घंटी वाजली की रिसीव्हर उचलायचा, कानाला लावायचा आणि एकदम म्हणायचं, “बोला!” पलीकडे दिल्लीच्या मंडीतला दलाल असो की सख्खा साडू, ‘कसं काय’, ‘बरं आहे ना’ यातलं काही त्याच्या वाट्याला येत नसे. माल पोहोचला का, भाव किती, उद्या किती पाठवू, ठेवतो. एकदा साडूनं ट्रंककॉल लावून मुलगा झाल्याची बातमी दिली, तेव्हा बाबाराव म्हणाले, “चांगलं झालं. वजन किती?” आणि आकडा ऐकून फोन ठेवून दिला. मी बाजूलाच बसलो होतो. म्हटलं, “अहो, निदान हॅलो तरी म्हणायचं.” तर माझ्यावरच उखडले. “हॅलोचे पैसे काय तुहा बाप देते का गा?”

आता हाच माणूस समोर भेटला की कोणाला आवरायचा नाही. नागपूरच्या संत्रा बाजारात त्यांचा आडतीचा गाळा होता, म्हणजे काटोल-नरखेडकडचे बागाईतदार माल आणत आणि बाबाराव तो आडत घेऊन विकून देत. त्यांच्या शेजारी माझं दुकान. मी मास्तरकी सोडून खोकी, पेंढा आणि सुतळी विकायला बसलो होतो, त्यामुळे ते मला नावानं हाक न मारता ‘खोकेवाले’ म्हणत. साधी बैलजोडी घेतल्याची गोष्ट ते आजोबांपासून सुरू करायचे आणि बैल घरी पोहोचेपर्यंत माझे दोन चहा व्हायचे. त्यांच्या पत्नी अनुसयाबाई एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, “याईले घरीबी एक फोन बसवून द्या वं माय. तेवढंच चूप त राहतीन!”

ज्यांनी ट्रंककॉल पाहिला नाही त्यांना फोनवरची ही कंजुशी चमत्कारिक वाटेल. तो साठीच्या दशकाचा शेवट होता. दिल्लीशी बोलायचं तर सकाळी एक्स्चेंजला नंबर सांगून कॉल लावून ठेवायचा आणि दिवसभर घंटीकडे कान ठेवून बसायचं. घाई असेल तर ‘अर्जंट’ लावायचा, त्याचे दुप्पट पैसे. आणि जीव जात असेल तर ‘लाइटनिंग’, त्याची किंमत विचारायची हिंमत आमच्यापैकी कोणाला नव्हती. एवढं करून कॉल लागला की तीन मिनिटं. त्यातलं अर्धं अधिक ‘आवाज येतो का’ आणि ‘जोरात बोला’ यातच संपायचं.

संत्र्याला तर धीर नसतो. आज भरलेली रेल्वेची वाघीण चार दिवसांनी मंडीत उघडायची, तेव्हा कुठे कसला भाव आहे हे कळल्याशिवाय माल पाठवायचा म्हणजे डोळे मिटून विहिरीत उडी. म्हणून फोन पाहिजेच, आणि फोन ठेवला की बिल येणारच. बाबारावांची आडत लहान. महिनाभर राबून जे मिळे त्यातला मोठा घास फोनचं बिल खाऊन टाकायचं. बाजारातल्या मोठ्या शेठची नेमकी याच गोष्टीवर नजर होती. बाबारावांचा गाळा बाजाराच्या तोंडाशी होता, बागाईतदाराची गाडी आत शिरली की पहिल्यांदा त्यांच्याच ओट्यापाशी थांबे. शेठजवळ तीन फोन होते आणि लाइटनिंग कॉलचं त्यांना काही वाटत नसे. बिल आलं की ते हसत हसत यायचे आणि म्हणायचे, “बाबाराव, काहून जिवाला त्रास करून राहिले? गाळा मला द्या, माझ्याकडे नोकरीला या. फोन माझा, बोलणं तुमचं.”

बाबाराव हसून चहा मागवायचे. पण एकदा शेठ गेल्यावर मला म्हणाले, “खोकेवाले, हा गाळा गेला न, त मी उद्यापासून दुसऱ्याचा माल दुसऱ्याच्या भावानं विकीन. मंग मी कायचा आडत्या? मी त तराजू झालो.” त्यांची भीती मला तेव्हा नीट समजली.

आमच्या बाजारात भाव उघड बोलत नसत. ही फार जुनी रीत. घेणारा आणि देणारा हातात हात घेत, वरून रुमाल नाहीतर दुपट्टा टाकत आणि आत बोटं दाबून भाव ठरवत. चेहरे असे कोरे ठेवायचे की जणू दोघांनी सहज हात धरला आहे. शेजारच्याला काही कळता कामा नये. फोनचंही तेच. फोन असलेले पाच-सहा गाळे होते, आणि प्रत्येकजण दार लोटून, रिसीव्हरला तळहाताचा आडोसा करून दिल्लीला तोच एक प्रश्न विचारायचा, तेच एक उत्तर ऐकायचा आणि चेहरा कोरा करून बाहेर यायचा. यात काही खुळेपणा आहे हे आमच्या वाडवडिलांच्याही लक्षात आलं नाही, आमच्याही नाही.

बाबारावांच्या लक्षात आलं ते एका बिघडलेल्या लायनीमुळे. त्या काळी फोनच्या तारा एकमेकींत गुंतायच्या आणि भलत्याच दोघांचं बोलणं कानावर पडायचं. एका सकाळी बाबारावांनी दिल्लीसाठी रिसीव्हर उचलला, तर आत लच्छमनदासचा आवाज. लच्छमनदासचा गाळा अगदी समोर. फाळणीनंतर सिंध सोडून आला, नागपुरातल्या जरीपटका वस्तीत राहिला, आधी हातगाडी आणि मग आडत. त्याचं दार त्या दिवशी नीट लागलं नव्हतं. समोर त्याचं तोंड हलताना दिसत होतं आणि आवाज बाबारावांच्या कानात येत होता! त्याच्या दलालानं भाव सांगितला. पाठोपाठ बाबारावांचा दलाल लायनीवर आला आणि त्यानंही तोच भाव सांगितला, पैशाचाही फरक नाही.

बाबाराव फोन ठेवून तडक रस्ता ओलांडून गेले आणि लच्छमनदासला त्याचाच भाव त्याच्या तोंडावर सांगितला. लच्छमनदास भडकला. “मेरा फोन चोरी से सुनता है? शरम नहीं आती?”

“चोरी कायची, बाप्पा? तुहा भाव अन् माहा भाव एकच आहे. एकाच गोष्टीचे दोघं पैसे भरून राहिलो, अन् वरून एकमेकापासून लपवून राहिलो. आपल्यासारखे गाढव सगळ्या नागपुरात नाही भेटाचे.”

संध्याकाळी त्यांनी फोनवाल्या गाळ्यांची बैठक घेतली. चहा त्यांचाच. म्हणाले, “दिल्ली मी विचारतो. कानपूर लच्छमन विचारन. कलकत्ता ढोबळेजी विचारतीन. एकेका शहराले एकच फोन, अन् सगळ्यायनं मिळून ऐकाचा. खर्च कमी, अन् भाव एका गावाचा नाही, साऱ्या मुलखाचा समजन.”

ढोबळेजी आमच्यातले सगळ्यात वडील. ते थरथरत उभे राहिले. “भाव उघडा करणं म्हणजे भर चौकात धोतर सोडणं होय, बाबाराव!”

“सोडा न मंग,” बाबाराव म्हणाले. “सगळ्यायचं एकाच दिवशी सुटलं त कोण कोणाले हासन?”

हशा झाला, चहा संपला आणि जो तो आपापल्या घरी गेला. कोणी तयार झालं नाही. मलाही वाटलं, झालं, आता बैल घरी पोहोचल्याच्या गोष्टीत ही आणखी एक भर.

दुसऱ्या दिवशी बाबारावांचा दिल्लीचा कॉल आला. त्यांनी भाव ऐकला, फोन ठेवला, बाहेर ओट्यावर आले आणि भाजीवाल्यासारखी आरोळी ठोकली. दिल्लीचा आजचा भाव, अगदी आण्यापैशासकट. सारा बाजार थिजून उभा राहिला. मग कुजबुज सुरू झाली की यात नक्की काहीतरी डाव आहे. बाबारावांनी चढा भाव सांगितला की लोक उतरलेला धरायचे आणि उतरलेला सांगितला की चढा. रोज पदरच्या पैशानं बातमी आणायची, ती फुकट वाटायची आणि वर लबाड ठरायचं, असा तो विलक्षण धंदा होता. शेठ तर ओट्यासमोर उभे राहून हसायचे. “क्यों बाबाराव, दुकान लुटा रहे हो क्या?”

लच्छमनदास हसत नव्हता. तो गुपचूप स्वतःचा कॉल लावून बाबारावांचा भाव पडताळून पाहत होता. रोज तोच आकडा. शेवटी एका सकाळी तो ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “कॅम्प में थे तब एक नल पर सौ घर पानी भरते थे. एक फोन पर छह दुकान क्यों नहीं चलेगी? कानपूर मेरा.” बाबारावांनी त्याला मिठीच मारली. मग ढोबळेजी आले, मग शेठ सोडून बाकीचे.

तरी संशय पुरता जात नव्हता. भाव ऐकणारा खरंच तोच सांगतो कशावरून? त्यावर बाबारावांनी रीतसर परवानगी काढून फोनला लांब वायर बसवून घेतली आणि फोन ओट्यावर आणून ठेवला. ज्याची पाळी असेल त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं आणि पलीकडून येणारा प्रत्येक आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. दुसऱ्या कुठल्या गाळ्यात कॉल आला तरी दार सताड उघडं. फोनचं बिल उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखं आटलं आणि एकेका शहराऐवजी तीन-चार शहरांची खबर रोज मिळू लागली. पहिलं कमी झालेलं बिल आलं तेव्हा बाबारावांनी ते आम्हा सगळ्यांच्या हातांतून फिरवलं, जणू नातवाचा फोटो.

शेठ आता हसेनासे झाले. रुमालाखालचा त्यांचा सगळा खेळ या ओट्यानं मोडत आणला होता, आणि ते स्वस्थ बसणारे नव्हते.

आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी निघणाऱ्या संत्र्याचा, भर होता. नरखेडकडून ट्रक आणि बैलगाड्या इतक्या आल्या होत्या की माझ्या दुकानात शिरायला वाट नव्हती. सकाळीच बाजारात बातमी पसरली, दिल्ली पडली. शेठची माणसं गाडीगाडीशी जाऊन हळहळत होती. “लाइटनिंग लावून विचारलं भाऊ. मंडीत माल सडून राहिला. शेठ तरी घेऊन राहिले म्हणून, नाहीतर...” आणि रुमाल पडत होते, बोटं दाबली जात होती. बागाईतदारांचे चेहरे कोरे राहत नव्हते.

बाबारावांनी दिल्लीचा कॉल पहाटेच लावून ठेवला होता. एक्स्चेंज सांगत होतं, लाइन मोकळी नाही. शेवटी त्यांनी तो अर्जंट केला, तोंड कडू करून. तरी नाही. कलकत्ताही नाही. दुपारी लागला तो फक्त कानपूर, लच्छमनदासचा. त्यानं सताड उघड्या दारातून एकेक शब्द परत म्हणत आम्हाला ऐकवला. कानपूरचा दलाल तक्रार करत होता, तुम्ही नागपूरवाले सगळे दिल्लीकडे धावता, आम्हाला संत्रं दिल्लीहून आणावं लागतं, आणि कालपासून दिल्ली एवढी चढली आहे की आणणं परवडत नाही.

बाबाराव ओट्यावर उभे राहिले आणि ओरडले, “दिल्ली पडली नाही! दिल्ली चढली आहे! कोणी माल देऊ नका!”

रुमाल जागच्या जागी थांबले. शेठ गर्दीतून वाट काढत आले. त्यांचा हात अजून सखारामजींच्या हातात होता. सखारामजी नरखेडकडचे म्हातारे बागाईतदार, वर्षाचा सगळा बहार त्या दिवशी दोन ट्रकमध्ये घेऊन आलेले. शेठ म्हणाले, “दिल्लीचा फोन आला का तुमच्याजवळ? नाही ना? मग कानपूरवाल्याच्या तोंडून दिल्ली कशाला सांगता? माझ्याजवळ खुद्द दिल्लीचा फोन आहे.”

सखारामजी एकदा इकडे पाहत, एकदा तिकडे. “बाबाराव, सांजच्या आत माल उचलला पायजे, बाप्पा. उद्या त्याले कोण पुसन? मी कोणाचं आयकू?”

बाबारावांनी करगोट्याला बांधलेली गाळ्याची किल्ली सोडली आणि ओट्यावर फोनच्या शेजारी ठेवली. “सखारामजी, फोन येईपर्यंत थांबा. दिल्ली पडली असन त तुमचा माल मी शेठजीच्या भावानं घेतो, अन् हा गाळा शेठजीचा.”

“सगळ्यांसमोर?” शेठ म्हणाले.

“हाव. अथी काही रुमालाखाली नाही होत.”

मी त्यांच्या कानाशी लागलो, “अहो, वहिनींना तरी विचारा.” त्यांनी नुसता हात झटकला. कानपूरचा दलाल चुकला असला तर? त्याला कोणी चुकीचं सांगितलं असलं तर? सगळा बाजार ओट्याभोवती गोळा झाला. कोणी वजन करेना, कोणी पेंढा मागेना. बाबाराव ओट्याच्या कडेला बसून होते आणि एक शब्द बोलत नव्हते. इतक्या वर्षांत समोर माणसं असताना गप्प बसलेले बाबाराव मी पहिल्यांदाच पाहिले, आणि मला त्यांची फार काळजी वाटली.

ऊन कलायला लागलं तेव्हा घंटी वाजली.

बाबारावांनी रिसीव्हर उचलला. “बोला! नाही, थांब. मले नको सांगू.” आणि त्यांनी तो सखारामजींच्या हातात दिला. “तुम्हीच आयका.”

म्हाताऱ्यानं आयुष्यात फोनला हात लावला नव्हता. आधी उलटा धरला, तो लच्छमनदासनं सुलटा केला. आणि मग सखारामजींनी जे केलं ते आमच्या बाजाराशिवाय कुठे होणार नाही. भावाची गोष्ट आहे म्हटल्यावर त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि रिसीव्हरसकट स्वतःचं डोकं झाकून घेतलं! सारा बाजार श्वास रोखून त्या गाठोड्याकडे पाहत होता. आतून फक्त “हूं... हूं...” ऐकू येत होतं. मिनिटं चालली होती.

बाबारावांनी पुढे होऊन अलगद दुपट्टा उचलला. “सखारामजी, आता रुमाल नको. जे आयकू येते ते मोठ्यानं बोला.”

म्हाताऱ्यानं बागेतले पोपट हाकलण्यात जन्म घालवला होता. त्यांनी मान वर केली आणि असा आवाज काढला की दोन बैल दचकून उठले. पेटीमागे भाव कालच्यापेक्षा दोन रुपये वर! पुन्हा एकदा, दोन रुपये वर! मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. कोणी संत्री उधळत होतं, ढोबळेजी आपल्या वयाला न शोभणाऱ्या उड्या मारत होते, लच्छमनदासनं बाबारावांना उचललं होतं. मी स्वतः रडत होतो आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

शेठ जायला निघाले. लोकांनी वाट अडवली होती आणि दोन-चार तोंडं शिव्या द्यायला उघडली होती. बाबाराव ओट्यावरूनच म्हणाले, “जाऊ द्या त्याईले. शेठजी, तुमच्या माणसानं चुकीचं सांगतलं असन. उद्यापासून अथीच येत जा न आयकाले. फुकट आहे.” आणि मग मला म्हणाले, “खोकेवाले, खोकी काढा लवकर. एक वाघीण दिल्ली, एक कानपूर.” त्या संध्याकाळी माझ्याकडे खिळासुद्धा उरला नाही.

शेठना यायला बरेच दिवस लागले. आधी त्यांनी माणूस पाठवला, मग एका सकाळी स्वतः आले आणि मागे उभे राहिले. बाबारावांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, बैलजोडीची गोष्ट आजोबांपासून सांगितली आणि उठताना म्हणाले, “मुंबई कोणी विचारत नाही शेठजी. ते तुमच्याकडे लागली.” तेव्हापासून शेठचीही पाळी लागली. त्यांचा आवाज बारीक, तर बाबाराव खालून दटावायचे, “जोरानं! मांगच्या गाडीपर्यंत गेला पायजे.”

पुढे थेट नंबर फिरवायची सोय आली. एक्स्चेंजची वाट पाहणं संपलं, ज्याला त्याला आपल्या गाळ्यात बसून दिल्लीशी बोलता येऊ लागलं. तरी सकाळी माणसं ओट्यापाशी जमायचीच. बागाईतदार तर उघडा भाव ऐकल्याशिवाय गाडीची दोरी सोडेनात. बाबाराव म्हातारे झाले, गाळा मुलानं हाती घेतला, पण कोणत्या शहराची पाळी आज कोणाची हे तेच सांगायचे.

ते गेले तेही ऐन बहारात, पहाटे, झोपेत. बाजार बंद ठेवायचा हे कोणी सांगायची गरज नव्हती. आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो. अनुसयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, “तुम्ही सारे अथी, त ओट्यावर कोण आहे? लोकायचा माल येऊन पडला असन. आधी भाव सांगून या त्याईले. मंग न्या याईले.”

आम्ही परत आलो. ट्रक रस्त्यापर्यंत लागले होते. त्या दिवशी दिल्लीची पाळी शेठची होती. तेही आता थकले होते, चष्मा जाड झाला होता. ते ओट्यावर चढले, नंबर फिरवला आणि पलीकडून आलेला प्रत्येक आकडा परत म्हणू लागले. शेवटच्या ट्रकजवळ एक म्हातारा कानाला हात लावून उभा होता. शेठनी त्याच्याकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि सगळे आकडे पहिल्यापासून पुन्हा एकदा सांगितले, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. दिल्ली चढली होती.